दोष नटांचा नाही

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

‘डॅड्स आर्मी’ या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेवर २०१६ साली आलेल्या चित्रपटाबद्दलचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. चित्रपट फसला, हे मान्य. पण त्याचं खापर नव्या नटांवर फोडलेलं पटलं नाही. टोबी जोन्स, बिल नाय, टॉम कोर्टनी ही काय लेचीपेची मंडळी आहेत?

१९७१ सालीही या मालिकेवर चित्रपट निघाला होता. त्यात आर्थर लो, जॉन ल मेझुरिए, क्लाइव्ह डन असे मूळचेच नट होते. लिहिणारेही तेच, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. तरी तो मालिकेच्या पासंगालाही पुरला नाही.

मी मुलाकडे इंग्लंडला होतो तेव्हा शनिवारी संध्याकाळी बीबीसी टूवर मालिकेचे जुने भाग लागत. एकूण ८० भाग, १९६८ ते १९७७ मधले. माझा जन्म बँकेच्या नोकरीत गेला, त्यामुळे ती मला घरचीच वाटली. १९४० मध्ये जर्मन उतरतील या धास्तीने तिकडे गावोगाव होमगार्ड, म्हणजे सैन्यात जाऊ न शकलेल्या, बहुतेक म्हाताऱ्या स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या राहिल्या. मालिकेतल्या गावात बँकेचा मॅनेजर मॅनरिंग कॅप्टन होतो आणि त्याचा हेडक्लार्क विल्सन सार्जंट. पण विल्सन बड्या घरातला, महागड्या शाळेत शिकलेला; मॅनरिंग कष्टाने वर आलेला. हुकूम सोडताना मॅनरिंगला ते सतत सलतं. विल्सन मात्र मऊ आवाजात एवढंच विचारतो, “हे शहाणपणाचं होईल का, सर?” अशा जोड्या मी शाखेशाखेत पाहिल्या आहेत. त्यांचं नातं फुलायला प्रार्थनामंदिराचा हॉल, चार खुर्च्या आणि अर्धा तास पुरत होता.

२०१६ च्या चित्रपटात काय केलं? कॅथरिन झीटा-जोन्सला हेर करून आणलं, सगळ्या म्हाताऱ्यांना तिच्याभोवती घुटमळवलं आणि शेवटी गोळीबार घातला. मालिकेत मिसेस मॅनरिंगचा चेहरा एकदाही दिसत नाही. फोन कानाला लावलेल्या मॅनरिंगचा उतरत जाणारा चेहरा पाहून ती कळते. एका भागात तर मॅनरिंगच्या वरच्या बिछान्याला तिच्या वजनाने पडलेला झोळ तेवढा दिसतो! २०१६ मध्ये तिला गणवेश चढवून समोर उभं केलं, तिथेच सगळं संपलं.

तुकडीतल्या म्हाताऱ्या गॉडफ्रेचं काम करणारे मायकेल गॅम्बन केवढे मोठे नट! पण त्यांना करायला दिलं काय? १९६९ च्या एका भागात गॉडफ्रे सांगतो की पहिल्या महायुद्धात आपण लढायला नकार दिला होता. सगळे त्याच्याशी बोलणं टाकतात. पुढे धुराने भरलेल्या खोलीतून तोच मॅनरिंगला वाचवतो आणि आजारी पडतो. समाचाराला गेलेल्या मॅनरिंगला भिंतीवर त्याचा जुना फोटो दिसतो, छातीवर शौर्यपदक असलेला. फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर तो जखमींना उचलून आणत होता. आणि मालिकेत ही भूमिका करणारे आर्नल्ड रिडली खरोखरच १९१६ मध्ये सोमला लढले होते, डाव्या हाताला जबर जखम घेऊन परतले होते. मॅनरिंग तो फोटो पाहतो तेव्हा माझे डोळे दर वेळी भरून येतात.

पुरवणीतल्या त्या लेखाच्या लेखकांनी हा एक भाग जरूर पाहावा. मग नव्या नटांना बोल लावायचा की त्यांच्या हाती दिलेल्या संहितेला, ते त्यांनीच ठरवावं.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, सातारा