तुमच्याकडेही तोच एडिटर आहे म्हणून लिहितोय

कोथरूड, पुणे

प्रिय मित्रा,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही आणि आम्ही कोड लिहायला वापरतो तोच एडिटर तुमची टीमही वापरते, म्हणून हे पत्र.

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसमधल्या एका ज्युनिअर मुलीचं अख्ख्या दुपारचं काम गेलं रे. फाइल उघडी होती, सेव्ह केलेली नव्हती, तेवढ्यात प्रोडक्शनचा प्रॉब्लेम आला म्हणून तिने वेगळ्या टर्मिनलमध्ये (कमांड द्यायच्या विंडोत) जाऊन ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, बदलली, आता कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला दिसतं ते फक्त डिस्कवरचं, एडिटरमध्ये तू काय टाइप केलंयस हे त्याला कळणार कसं, त्यामुळे ब्रँच बदलली गेली. मग डिस्कवरची फाइल बदललीय म्हणून एडिटरने ती परत लोड केली. न विचारता! बदल मागे घ्यायचं अनडूसुद्धा रिकामं. तिने सेव्ह केलं असतं तर गिटनेच अडवलं असतं, की तुझे बदल पुसले जातील, आधी कमिट कर (नोंदवून ठेव) नाहीतर स्टॅश कर (बाजूला ठेव).

सगळे तिलाच म्हणाले, सेव्ह करायचं ना वेळेवर. मला हे अजिबात पटलं नाही. माणूस टाइप करतोय ते जपणं हे एडिटरचं पहिलं काम आहे. 1991 साली आलेला विम एडिटर बघ, 200 अक्षरं टाइप झाली किंवा 4 सेकंद हात थांबला की स्वॅप फाइलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलमध्ये, लिहून ठेवतो, आणि उघड्या फाइलमध्ये तुझे बदल असताना डिस्कवरची फाइल बदलली तर आधी विचारतो, लोड करू का म्हणून. इतकं साधं आहे ते.

ती पोरगी संध्याकाळी परत सगळं लिहीत बसली होती, बघवत नव्हतं.

तुम्ही एक करा, ऑटोसेव्ह 'विंडो बदलली की' असं ठेवा, म्हणजे एडिटरबाहेरच्या टर्मिनलकडे वळलात की फाइल डिस्कवर जाते आणि पुढे गिट सांभाळतं. एडिटरच्या लोकल हिस्ट्रीवर, म्हणजे फाइलच्या जुन्या प्रती ठेवायच्या सोयीवर, विसंबू नका, बऱ्याच एडिटरमध्ये ती सेव्ह केल्यावरच नोंद घेते. आणि मधेमधे बदल गिटकडे जमा करायला गिट अ‍ॅड करत जा, अ‍ॅड केलेलं नंतर उडालं तरी 'गिट एफएससीके' या तपासणीच्या कमांडला 'लॉस्ट फाउंड' लावून बरेचदा सापडतं, निव्वळ टाइप केलेलं मात्र गिटमध्ये कुठेच सापडत नाही.

बग आम्ही रिपोर्ट केलाय, पण त्यांनी लो प्रायॉरिटीत टाकलाय, याचा खरंच राग येतो. तुझ्या मशीनवर एखाद्या फालतू रेपोत (गिटच्या फोल्डरमध्ये) करून बघ ना, आणि तसंच झालं तर व्हर्जन आणि लॉग पाठव, मी रिपोर्टला जोडतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच