रक्त पातळ करायची गोळी आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेले पेशंट येतात आणि बहुतेकांच्या डोक्यात एकच टेस्ट असते, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सगळीकडे एकाच मापात सांगणारा आकडा. म्हणून हे पत्र.

आयएनआर ही वॉरफेरिन आणि त्या जातीच्या गोळ्यांसाठी केलेली टेस्ट आहे. प्रत्येक लॅबचं रिएजंट (टेस्टचं रसायन) वेगळं, त्यामुळे एकाच रक्ताचा पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम, रक्त गोठायला लागणारा वेळ) दोन ठिकाणी वेगवेगळा यायचा, तो गोंधळ मिटवायला जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ही पद्धत आणली. वॉरफेरिनवाल्यांना तिचा खूप उपयोग होतो. पण डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन या नव्या गोळ्यांचं काम वेगळं आहे, आणि एपिक्साबॅन तर रक्तात भरपूर असलं तरी पीटी, आयएनआर जवळजवळ नॉर्मल येऊ शकतात. आता असा पेशंट पडून डोक्याला मार लागून आला, तपासणी नॉर्मल आली आणि ‘औषध उतरलंय’ असं समजून पुढे गेले तर? ही भीती मला खरंच वाटते.

या गोळ्यांना एरवी नेहमी तपासणी लागत नाही हे बरोबरच आहे, पण तातडीचं ऑपरेशन, रक्तस्राव, किडनी बिघडणं अशा वेळी लागते. तेव्हा योग्य टेस्ट म्हणजे रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅनसाठी त्याच औषधाच्या मापाने कॅलिब्रेट केलेली अँटी-टेनए (anti-Xa, रक्तात औषध किती आहे ते मोजणारी टेस्ट), आणि डॅबिगॅट्रानसाठी डायल्यूट थ्रॉम्बिन टाइम (पातळ केलेल्या नमुन्यावरची गोठण्याची टेस्ट). साधा थ्रॉम्बिन टाइम डॅबिगॅट्रानला इतका संवेदनशील आहे की तो नॉर्मल आला तर औषध जवळपास नाहीच म्हणता येतं, मात्र वाढला तर किती आहे ते कळत नाही. त्यात वेळेचा प्रश्न आहेच, गोळी घेतल्यावर साधारण २ ते ४ तासांनी पातळी सगळ्यात जास्त असते आणि पुढच्या डोसच्या आधी सगळ्यात कमी, म्हणजे वेळ लिहिली नसेल तर आकड्याचा अर्थ लावायचा कसा?

अजून एक, आणि याकडे फार कमी लोक बघतात. गुठळी का झाली हे शोधायला ज्या टेस्ट करतात त्यांच्यातही या गोळ्या ढवळाढवळ करतात. ल्युपस अँटिकोअॅग्युलंट (गुठळ्यांचा धोका वाढवणारी अँटिबॉडी) खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि क्लॉटिंग पद्धतीने, म्हणजे रक्त गोठवून मोजलेलं प्रोटीन एस (गुठळी रोखणारं प्रथिन) खरं कमी असून नॉर्मल दिसू शकतं. पहिल्यात नसलेला आजार माणसाच्या गळ्यात पडतो, दुसऱ्यात असलेला लपतो. (अॅस्पिरिनलाही लोक रक्त पातळ करायची गोळीच म्हणतात, पण ती प्लेटलेटवर काम करते, पीटीत दिसत नाही.)

माझी मागणी साधी आहे. लॅबच्या फॉर्मवर औषधाचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला एवढ्या दोन ओळी छापा, डॉक्टरांनीही त्या भरून पाठवाव्यात, आणि पीटी नॉर्मल असला तरी त्यावरून नव्या गोळ्यांचा परिणाम नाही असं धरू नये, ही सूचना रिपोर्टवर यावी. पेशंटनी विचारायची वाट न बघता गोळीची स्ट्रिपच दाखवावी, पण टेस्टसाठी म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, त्याने गुठळी व्हायचा धोका वाढतो, डोस कधी थांबवायचा ते डॉक्टरच सांगतील.

आपली,
एक लॅब टेक्निशियन