जांघेची सोनोग्राफी उभं करूनही करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी रोज सकाळी पर्वती चढणारा माणूस. गेल्या पावसाळ्यात उजव्या जांघेत संध्याकाळी लिंबाएवढा फुगवटा यायला लागला, रात्री आडवा झालो की गायब. बायकोने पाठ सोडली नाही म्हणून एका सेंटरला सोनोग्राफी केली. वेळ दिली सकाळी नऊची, म्हणजे नेमका फुगवटा नसतो तेव्हाची! टेबलावर झोपवलं, थंडगार जेल लावलं, दोन मिनिटं प्रोब फिरवला आणि रिपोर्ट हातात, हर्निया नाही. झालं, चार महिने मी निर्धास्त, गॅसचे सिलिंडरसुद्धा उचलले.

शेवटी सर्जनकडे गेलो. त्यांनी फाईल उघडलीच नाही, उभं केलं, जांघेवर बोटं ठेवली आणि म्हणाले, "काका, खोका." खोकलो तर आतून बोटांवर बसलेला धक्का मलाही कळला, म्हणजे हर्निया होताच.

त्यांनी सांगितलं ते असं की फुगवटा असा सरळ दिसत असेल तर बहुतेक वेळा स्कॅनची गरजच नसते, हाताने तपासून निदान होतं. दुखतंय पण हाताला काही लागत नाही, किंवा आधी ऑपरेशन झालंय आणि परत शंका येतेय, तिथे सोनोग्राफी कामाची. पण हर्नियात आतडं नाहीतर चरबी पोटातला दाब वाढला की बाहेर सरकते, त्यामुळे पेशंटला खोकायला, कुंथायला लावून आणि उभं करूनही बघायला हवं, निवांत झोपलेल्या माणसात ती आत जाऊन बसते. तरी कळलं नाही तर एमआरआय, त्यात स्नायू दुखावलाय का तेही दिसतं. बायकांमध्ये हर्निया कमी, पण मांडीच्या अगदी वरच्या टोकाला होणारा प्रकार त्यांच्यात जास्त, तो पटकन लक्षात येत नाही आणि आतडं अडकायची भीतीही त्यात जास्त. (गाठ आत जाईना, दुखायला लागली, उलट्या झाल्या तर स्कॅनची अपॉइंटमेंट घेत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.)

माझं म्हणणं एवढंच, डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'उभं करून, खोकताना बघावे' असं लिहावं आणि सेंटरने तसं बघितलं का ते रिपोर्टात टाकावं. माझ्या रिपोर्टात सेंटरचा लोगो आहे, तीन फोन नंबर आहेत, पेशंट झोपलेला होता की उभा हे मात्र भिंग घेऊन शोधलं तरी सापडलं नाही.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे