लाळेची चाचणी नेमकी कोणासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘थुंकीच्या थेंबातून कर्करोगाचे निदान’ अशा मथळ्याच्या बातमीचे कात्रण घेऊन गेल्या महिन्यात एक रुग्ण माझ्या दवाखान्यात आले. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला गॉजने पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा, म्हणजे ल्युकोप्लाकिया, आहे. मी बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणे, सुचवली होती, आणि आता ती टळेल का, असे ते विचारत होते. (लाळेसारखा शब्द असताना थुंकी कशाला म्हणतात, कोण जाणे!)

या संशोधनाचे मोल मी कमी लेखत नाही. २००४ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड वाँग यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगाचे ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी व्यक्ती यांची लाळ तपासली, आणि तिच्यातील काही आरएनए रेणूंच्या (जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूंच्या) एकत्रित प्रमाणावरून दोन्ही गट ९१ टक्के संवेदनशीलतेने (बाधितांना बाधित म्हणून ओळखण्याचे प्रमाण) व तेवढ्याच विशिष्टतेने (निरोगींना निरोगी म्हणून ओळखण्याचे प्रमाण) वेगळे करता येतात, असे दाखवले. परंतु त्यात तुलना कर्करोग आणि निरोगी तोंड यांची होती. माझ्यासमोर असतो तो चट्टा, आणि बहुतेक चट्ट्यांचा कर्करोग कधीच होत नाही. थोड्यांचा होतो, ते कोणते हे नुसते पाहून सांगता येत नाही. बायोप्सीलाही मर्यादा आहेतच : मोठ्या चट्ट्यातला नेमका बिघडलेला भाग तुकड्यात येईलच असे नाही, आणि पेशींतील बदलांच्या प्रतवारीबाबत दोन तज्ज्ञांचे मत वेगळे पडू शकते. म्हणूनच, वारंवार तुकडा काढण्याऐवजी चट्टा असलेल्यांवर दीर्घकाळ नजर ठेवायला, सगळ्या तोंडातून फिरून आलेली लाळ उद्या उपयोगी पडेल, असे मला वाटते.

सरसकट सर्वांच्या तपासणीला मात्र ती आज योग्य नाही. हजार लोकांत दहा जण बाधित आहेत आणि चाचणीची संवेदनशीलता व विशिष्टता दोन्ही ९० टक्के आहेत असे धरले, तर त्या दहांतले नऊ सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही विनाकारण धास्ती बसेल. शिवाय लाळेत कर्करोगाची खूण म्हणून शोधली जाणारी इंटरल्यूकिन-६ आणि ८ यांसारखी प्रथिने हिरड्यांच्या साध्या दाहानेही वाढतात. नमुना घेणेही बातमीत वाटते तितके सोपे नसते. आधी तासभर खाणेपिणे वर्ज्य असते, मान खाली घालून आपसूक जमणारी लाळ नळीत सोडावी लागते, आणि आरएनए लवकर नासत असल्यामुळे ती नळी लगेच बर्फात ठेवावी लागते.

तेव्हा अशी बातमी छापताना तुलना कोणाची कोणाशी केली, सहभागींच्या हिरड्या तपासल्या होत्या का आणि चट्टे असलेल्यांचा पाठपुरावा किती वर्षे झाला, एवढे तरी द्यावे, ही विनंती. कात्रण आणणाऱ्या त्या गृहस्थांची बायोप्सी अजून व्हायची आहे.

आपला,
एक दंतवैद्य