जामीनदाराची सही

कोल्हापूर,
9 नोव्हेंबर 2025

चि. रणजित यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या स्वतःच्या जिमसाठीच्या कर्जाच्या कागदांचं पाकीट मंगळवारी मिळालं. जिथं जिथं माझी सही हवी तिथं तू पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्यास. चौतीस वर्षं मी पतसंस्थेत लोकांना अशाच जागा बोट ठेवून दाखवल्या, त्यामुळं हसू आलं. आईनं विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही.

फोनच केला असता, पण भाऊबीजेपासून आपली गाडी "जेवलास का" च्या पुढं जात नाही. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी "लोकांचे डंबेल उचलून देणारा हमाल" असं बोललो, ते बोलायला नको होतं. आक्कानं नंतर आत नेऊन झापलं ते वेगळंच. आणि हमालीला मी कोण नावं ठेवणार? तुझ्या पणजोबांनी शाहूपुरीत जन्मभर गुळाचे रवेच वाहिले.

गुडघ्याविषयी या पत्रात अवाक्षर काढायचं नाही असं ठरवून बसलोय. फक्त धंद्याचं बोलू.

तुझा प्रकल्प अहवाल दोनदा वाचला. पहिल्या पानावर फिटनेसचा बाजार इतके कोटी, पुढं तितके कोटी, असा आलेख आहे. आमच्याकडं कर्जाला आलेल्या प्रत्येक अहवालात असलं पान असायचं. बाजार वाढणार याबद्दल माझं दुमत नाही. आयसीएमआरच्या 2023 च्या पाहणीत देशात 10 कोटींच्या वर मधुमेही निघाले, त्यातला एक हे पत्र लिहितोय. पण बाजार वाढला म्हणून तुझ्या दारात माणूस येतोच असं नाही. मी ते पान उलटलं आणि तुझ्या तासांच्या पानावर थांबलो.

तू 22 जण धरलेस. महिन्याला प्रत्येकी 12 सेशन, फी 8,000. म्हणजे 264 तास. रविवार सोडून 26 दिवस धरले तर रोज दहा तास. आणि माणसं व्यायामाला येतात कधी? सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. तूच म्हणतोस ना, दुपारी जिममध्ये फक्त एसी चालू असतो. आठ तासांत बसतात 17 जण. त्यांचे होतात 1,36,000. त्यातून भाडं 45,000, 18 लाखांचा साडेअकरा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता 39,600, लाइट-सफाई-किरकोळ 12,000. उरले 39,400. आज तू काम करतोस त्या जिमच्या मालकाला निम्मे देऊनही 14 जणांचे तुझ्या हातात 56,000 येतात. अन् ही 17 माणसं बाराही महिने टिकली तरच. गणपतीत कोण गावाला जातं, दिवाळीत कोण थांबतं, जानेवारीत संकल्प करून आलेले होळीपर्यंत किती उरतात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

बघ, लेक्चर सुरू झालं. तुझी आई म्हणते मी देवळातसुद्धा दानपेटीचा हिशोब करतो. राग मानू नकोस.

पण हा धंदा काय आहे ते एकदा तरी लिहू दे. दुकानदार आजारी पडला तर गल्ल्यावर पोरगा बसतो, माल तोच असतो. तू विकतोस ते तुझे तास, आणि ते तास तुझ्या अंगातून निघतात. तू तीन महिने पडून राहिलास तर हप्ता पडून राहत नाही. मिरजेच्या ऑपरेशननंतर तुला अकरा आठवडे काठी लागली होती. डॉक्टरनं लिगामेंट दाखवायला कागदावर काढलेलं ते चित्र अजून माझ्या कपाटात आहे.

ठरवलं होतं लिहायचं नाही. असो.

आबा तुला गंगावेस तालमीत घेऊन जायचे ते आठवतं का? तू पाचएक वर्षांचा असशील. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळत होते आणि तू त्यात लोळून आलास, आईनं दोन दिवस कान धुतले. आबा सांगायचे, वस्तादाला फी नसते; नारळ, गुरुपौर्णिमेला फेटा, बास. पैसा जायचा तो पोराच्या खुराकावर, बदाम-दूध-तुपावर, आणि त्यात घरं बसायची. त्यांच्या थोरल्या भावाची म्हैस कशी गेली ते तू ऐकलंयस. वस्तादाचं पोट शेतीवर नाहीतर कुणाच्या आश्रयावर. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागचं मैदान उभारलं, मल्ल पोसले. तो काळ गेला. आता गिऱ्हाईकच तुमचं संस्थान. तू शिकवण्याचे पैसे मागतोस याची मला लाज वाटत होती, हे भाऊबीजेच्या बोलण्यामागचं खरं. इतके दिवस ते माझं मलाच कळलं नव्हतं.

2020 ला जिमला कुलूप लागलं ते महाराष्ट्रात दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला निघालं. सात महिने. मालकानं पगार सोड, फोनही उचलला नाही. तू माळ्यावर मोबाइल बादलीला टेकवून, पाण्याचे कॅन उचलून बायकांना व्यायाम शिकवायचास. मी खाली बसून ऐकायचो. एका काकूंना तू म्हणालास, "घाई नाही, आज खुर्चीवरून हात न टेकता एकदाच उठा." तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. माझ्याशी कधी त्या आवाजात बोलला नाहीस. मीही तुझ्याशी नाही म्हणा.

एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. साखर निघाल्यापासून रोज सकाळी तुझा तो व्हिडिओ लावून मी खुर्चीवरून उठबस करतो. पंधरा-पंधरा तीनदा. तीन महिन्यांची सरासरी 7.9 होती, आता 6.8 आहे. डॉक्टर म्हणाले औषधाचा गुण. म्हटलं, असेल.

तेच सांगत होते की वजन उतरवायची जी इंजेक्शनं यंदा इकडं मिळायला लागलीत, त्यात चरबीबरोबर स्नायूही जातो, म्हणून पेशंटला वजनं उचलायला सांगावं लागतं. मला वाटतं तुझं खरं गिऱ्हाईक हेच: पन्नाशी-साठीचा, डॉक्टरनं पाठवलेला. सिक्स पॅकवाली पोरं दर सहा महिन्यांनी जिम बदलतात. म्हातारा बदलत नाही. डॉक्टरला, वकिलाला सनद लागते, तुमच्यात तशी सक्ती नाही, म्हणून कुणीही दंड फुगवून ट्रेनर होतो. तू एसीई या अमेरिकन संस्थेची ट्रेनरची परीक्षा दिलीस तेव्हा मी फीवरून कुरकुर केली होती. ते सर्टिफिकेट दारासमोर लाव.

माझं म्हणणं असं. एका तासाला एक न घेता तीन घे, प्रत्येकी 4,000. त्याच तासांचे महिन्याला 8,000 चे 12,000 होतात आणि अंग तेवढंच झिजतं. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आली. 22 सप्टेंबरपासून तो 18 चा 5 टक्के झालाय, पण यंत्रांवर भरलेला कर वळता होत नाही, तो खर्चात धर. वर्षाची फी आगाऊ घेऊन ती कमाई समजू नकोस, ते गिऱ्हाइकाचं कर्ज असतं. तळवलकर जिमसारखं मोठं नाव 2010 ला शेअर बाजारात गेलं आणि 2019 ला कर्जाचं व्याज थकलं. आणि 18 लाख कशाला? सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेतून 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्याच्या वरचं, "तरुण प्लस" गटातलं कर्ज, आधीचं "तरुण" गटातलं फेडलेल्यालाच. म्हणजे 10 त बसव. ट्रेडमिल घेऊ नकोस, लोक रस्त्यावर फुकट चालतात. सहा हप्ते बाजूला ठेव. अपघात विमा घे. हाताखाली एक पोरगा तयार कर, म्हणजे उद्या गुडघा...

पुन्हा तेच. तू नऊ वर्षं त्याच गुडघ्यावर उभा आहेस आणि मी अजून मिरजेच्या बाकड्यावर बसलोय, काय करू.

घर तारण ठेवायच्या कागदावर सही करत नाही. ते घर आईचंही आहे, आणि मामांच्या वेळचं तिनं विसरलेलं नाही. 10 लाखांचा अर्ज नव्याने कर. त्यात कमी पडतील ते माझ्या ठेवीतून, बिनव्याजी. पण लिहून देशील. शनिवारी कोयना एक्स्प्रेसनं येतो. जागा बघू, मालकाशी भाड्याचं मी बोलतो, तू गप्प बसायचं. आईनं चकल्या ठेवल्यात.

तुझे,
पप्पा

ता. क. अर्जात जागा "दुसरा मजला" अशी लिहिलीयस. लिफ्ट आहे का?