सराफ्यात पाठ टेकायला जागा नाही

इंदूर,
नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचला. डिसेंबरात सहकुटुंब येतोयस, चार दिवस आहेस, हे वाचून घरात सगळे खूश. यादीही पाहिली. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी छप्पन दुकानांची खाऊगल्ली, रात्री सराफा बाजारातले ठेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यादीला माझी हरकत नाही. पण शेवटी तू लिहिलंयस, ‘मॉलबिलमध्ये मात्र नेऊ नकोस, ते पुण्यात पुष्कळ आहेत’, त्यावर थोडं बोलायचंय. ते वाक्य मुळात माझंच, मागे मीच तुला फोनवर ऐकवलं होतं. आता जरा माघार घेतोय. फोनवर तू हसून मोडता घातला असतास, म्हणून हे पत्र.

कारण आई. ८१ पूर्ण झाली तिला. डोकं आपल्या दोघांपेक्षा लख्ख, गुडघे मात्र गेले. तुला आठवतं ना, होळकर कॉलेजात असताना परीक्षा संपली की तीच आपल्याला सराफ्यात घेऊन जायची. सराफांची शटरं पडली की त्याच ओट्यांवर कढया चढायच्या, आणि ही पदर खोचून गर्दीत शिरून आपल्यासाठी भुट्ट्याचा कीस आणायची. करोनाच्या आधी एकदा तिला शेवटचं नेलं होतं. गराडूचे, म्हणजे तळलेल्या कंदाचे, दिवस होते. उभं राहवेना, म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. हातात द्रोण, नजरेसमोर लोकांचे फक्त गुडघे, आणि अंगावरून जाणारा प्रत्येक जण ‘माताजी, जरा बाजू’ म्हणणारा. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर ‘मला बांधून आणा’ सुरू झालं. आता बांधून आणलेला गराडू सुदामा नगरला घरी पोहोचेपर्यंत कसा होतो ते तुला काय सांगायचं. ओला खडू.

छप्पनवर प्रयत्न केला. २०१९ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, तिथे ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’चा शिक्का मारला, पुढच्या वर्षी सगळं नव्याने बांधलं, गाड्या आत येणं बंद झालं. जागा खरंच छान केलीय. पण आईला हवी असते पाठीची खुर्ची आणि हाकेच्या अंतरावर स्वच्छ बाथरूम. दुसरी गोष्ट ती कधी तोंडाने म्हणत नाही. बाहेर निघायच्या दोन तास आधीपासून पाणी पिणं बंद करते, एवढंच. हे माझ्या लक्षात यायला किती वर्षं लागली ते विचारू नकोस.

तर गेल्या वर्षी नातीने तिला वाढदिवसाला मॉलमध्ये नेलं. मी कुरकुरतच मागे. ट्रेझर आयलंड, आपलं टीआय, तेव्हा सिनेमापुरतं माहीत होतं. बायपासकडे २०२२ च्या डिसेंबरात फिनिक्स सिटाडेल उघडला, तिथे तर मी पाऊल ठेवलं नव्हतं. लिफ्टने थेट वर, फूड कोर्टात. काउंटरवर आधी पाचशे रुपये भरून कार्ड घ्यायचं, मग त्या कार्डातून कुठल्याही ठेल्यावर खायचं. (त्यांना ठेला म्हटलं की नात चिडते.) ऑर्डर दिल्यावर हातात एक काळी चकती देतात, तयार झालं की ती लाल लुकलुकते आणि थरथरते. आईने ती जपून पर्समध्ये ठेवून दिली. आत सुपारीची डबी, किल्ल्या आणि स्टीलचा चमचा. दहा मिनिटांनी पर्समधून असा काही खडखडाट सुरू झाला की शेजारच्या टेबलावरचं पोर रडायला लागलं. आई शांतपणे म्हणाली, ‘बघ, आपलं नाव पुकारतायत.’

डोसा यथातथाच होता, खोटं कशाला बोलू. पण आई दोन तास बसली. आरामात, पाठ टेकून, येणारा-जाणारा न्याहाळत. घरी येताना गाडीत म्हणाली, ‘पाणी प्यायले हो आज भरपूर.’

तेव्हापासून महिन्यातून एकदा जातो. माझा भाचा अशाच एका मॉलमधल्या कॅफेत मॅनेजर आहे, त्याने सगळी गोम सांगितली. फूड कोर्ट वरच्या मजल्यावर आणि सिनेमाला लागून असतं, कारण जाता-येता सगळी दुकानं तुमच्या डोळ्यांखालून जायला हवीत. तिथल्या खुर्च्या मुद्दाम कडक, म्हणजे खाल्लं की उठाल. सोफा हवा तर कॅफेत या, तिथे कॉफीच्या दामात बसणंही धरलेलं असतं. जागेचं भाडं म्हणजे ठरलेली रक्कम किंवा विक्रीतला हिस्सा, दोन्हीपैकी जे जास्त असेल ते. शिवाय एसी, सफाई, सरकते जिने यांचा देखभाल खर्च वेगळा. म्हणून पावणेतीनशेची कॅपुचिनो. मी हिशेब मांडला की एवढ्यात आपल्या कोपऱ्यावर पोह्यांच्या दहा प्लेटा येतात, वर शेव, जीरावन मसाला आणि डाळिंबाचे दाणे. भाचा म्हणाला, ‘मामा, तिथे दोन तास बसून दाखवा.’ गप्प बसलो.

कडक खुर्चीचा आईवर काही परिणाम होत नाही. ती शाल दुमडून खाली घेते.

बिलाचं मात्र सांभाळ. एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, आम्ही पाच जण जेवलो आणि बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज छापून आला. मी बँकेतला माणूस, आकडा सोडतो होय? वाढणाऱ्या मुलाला बोलावून सांगितलं की ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच हा चार्ज आपोआप लावायला मनाई केली आहे, आणि या वर्षी २८ मार्चला दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली आहे. तो बिचारा मॅनेजरकडे धावला. मॅनेजर म्हणे, ‘सर, पॉलिसी है.’ मी फोन काढून १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर दाबायला घेतला, तसं बिल नव्याने छापून आलं. जीएसटीचे पाच टक्के निमूट दिले, ते रीतसर आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरापूर्वी एसी हॉटेलात हाच कर अठरा टक्के होता.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण विजयाच्या धुंदीत मी पाण्याच्या बाटलीवर घसरलो. वीस रुपये छापलेली बाटली साठला लावली होती. तिथे हरलो. भाच्याने नंतर सांगितलं की बसवून, वाढून देणाऱ्या हॉटेलांना छापील किमतीहून जास्त घ्यायची मुभा सर्वोच्च न्यायालयानेच २०१७ मध्ये दिलीय. आणि हे सगळं चालू असताना आईने हळूच शंभरची नोट त्या मुलाच्या हातात कोंबली होती. ‘पोरगं सकाळपासून उभं आहे,’ म्हणे.

अजून एक गंमत. एका चकचकीत मेनूत ‘इंदोरी भुट्टे का कीस’ होता, म्हणून आईने कौतुकाने मागवला. आला तो काचेच्या वाटीत, वर कोथिंबिरीचं एकच पान. आईने एक चमचा खाल्ला, दोन मिनिटं विचार केला आणि निकाल दिला: मका मिक्सरमधून काढलाय, किसलेला नाही, आणि दूध घाईत घातलंय. तुपात हिंग-जिरं-मिरचीवर कीस आधी नीट परतायला हवा, दूध मग. मी म्हटलं, आत जाऊन सांगू का? तर म्हणाली, ‘नको, बसू दे शांत.’

दुपारी तिथे कोण असतं ते बघ कधी. बायका. आपल्या रामबागेतल्या काकूंची भिशी आता घरी होत नाही, तिथेच दोन टेबलं जोडून होते. तुझी आई, माझी आई, त्यांच्या वयात घराबाहेर जाऊन बसायच्या कुठे? देवळात, हळदीकुंकवाला, नाहीतर कुणाच्या बारशाला. तिथेही पोळ्या लाटायला आधी उठायच्या त्याच. आपण रात्री दोनपर्यंत राजवाड्यासमोर चहा ढोसत बसायचो आणि म्हणायचो, इंदूर झोपत नाही. या काकूंना वेटर ‘मॅम, और कुछ?’ विचारतो तेव्हा त्या एकमेकींकडे बघून हसतात. त्या हसण्यापुढे माझी मॉलवरची सगळी टीका जरा बुळचट वाटायला लागते.

चव म्हणशील तर अजूनही सराफाच. तुला रात्री साडेदहाला मीच घेऊन जाणार, दहीवडा हवेत उडवलेला बघायला तुझी पोरंही येतील. पण एक संध्याकाळ मोकळी ठेव. आईने फर्मान काढलंय की बाळ्याला ती स्वतः मॉलमध्ये खिलवणार, आणि पैसे मी द्यायचे नाहीत. तिच्या त्या कार्डात १४० रुपये शिल्लक आहेत. परत घेता येतात, मी दोनदा सांगितलं. तिने ते पासबुकात ठेवलंय आणि दर आठवड्याला विचारते, ‘अरे, याची मुदत तर नाही ना संपत बाळ्या यायच्या आत?’

गाडीचा नंबर कळव, स्टेशनवर येतो. स्वेटर आण.

तुझा,
अण्णा