पंप बंद पडल्याचे कळणार कसे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेमिंग संगणक जोडू पाहणाऱ्यांसाठी आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत आलेला लेख वाचला. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर गार ठेवायला पैसे असतील तर लिक्विड कूलर (पंपाने पाणी फिरवणारा) घ्या, नसतील तर एअर कूलरवर (धातूचे पत्रे आणि पंखा असलेल्या) भागवा, असा त्याचा एकंदर सूर होता. मी गेली चौदा वर्षे संगणक जोडण्याचे आणि दुरुस्तीचे काम करते. हा सल्ला मानून मुले नको तिथे खर्च करतील आणि जिथे करायला हवा तिथे हात आखडतील, अशी मला काळजी वाटते. म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात कॉलेजात शिकणारा एक मुलगा त्याचा संगणक घेऊन आला. गेम सुरू केला की पहिली दोन-तीन मिनिटे सगळे सुरळीत चालायचे, मग चित्र अडखळायला लागायचे. त्याने विंडोज दोनदा नव्याने टाकले होते, ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलले होते, मित्राची रॅम आणून लावून पाहिली होती. मी कॅबिनेटची बाजू उघडली. आत सगळे स्वच्छ, रेडिएटरचे, म्हणजे फिरून आलेले पाणी गार करणाऱ्या पत्र्यांच्या जाळीचे, तिन्ही पंखे फिरत होते, पंपावरचा रंगीत दिवाही लागला होता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन पाहिले तर प्रोसेसरचे तापमान नुसत्या बसल्या जागी चढत होते : साठ, सत्तर, ब्याऐंशी. मी रेडिएटरला हात लावला, तो थंडगार. प्रोसेसर भाजतोय आणि रेडिएटर गार, याचा अर्थ एकच, आतले पाणी फिरत नाही. पंप मेला होता. कूलरला चार वर्षे झाली होती.

त्याचा प्रोसेसर रायझेन ७ ५८००एक्स. ९० अंशांना पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणूनच संगणक बंद पडला नाही, धुराचा वास आला नाही, नुसता मंदावत राहिला. त्या मुलाचे तीन महिने गेले. परीक्षेच्या प्रोजेक्टचे कामही त्याने त्याच मंदावलेल्या यंत्रावर केले. हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण हे दुखणे मी पहिल्यांदा पाहत नव्हते.

एअर कूलरचा पंखा थांबला तर तो डोळ्यांना दिसतो. खडखडायला लागला तर आधीच ऐकू येतो. बहुतेक कूलरना साधा १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा लागतो, तो बदलला की काम झाले. दोन पंख्यांचा कूलर असेल तर एक बंद पडला तरी दुसरा गाडा ओढतो. धातूच्या ढाच्यात झिजण्यासारखे काहीच नसते. बंद लिक्विड कूलरमध्ये मात्र पंप झिजतो, नळ्यांच्या रबरातून पाणी वर्षानुवर्षे अगदी हळूहळू कमी होत जाते, आणि बहुतेकांमध्ये ते पुन्हा भरायची सोयच नसते. पंप गेला की अख्खा कूलर टाकून द्यावा लागतो.

लेखात एअर कूलरला ‘नुसता पंखा आणि पत्रे’ म्हटले आहे, ते मला खटकले. त्यातल्या तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीट पाइप, भरीव नसतात. आतली हवा काढून थोडेसे पाणी घालून त्या कायमच्या बंद केलेल्या असतात. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती पत्र्यांकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि आतल्या सच्छिद्र तांब्याच्या अस्तरातून, वात तेल ओढते तसे, परत खाली येते. ना पंप, ना वीज. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी बनवून दाखवली. मला आजही कूलर हातात घेतला की या युक्तीचे कौतुक वाटते.

लिक्विड कूलरमधले पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त दुसरीकडे नेते. शेवटी रेडिएटरच्या पत्र्यांमधून पंखे तीच उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात. दोन्ही प्रकार अखेर हवेनेच गार होतात आणि दोन्हीही खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाहीत. फरक असतो तो पत्र्यांचा पसारा किती आणि त्यांना ताजी हवा किती मिळते, याचा. पाण्याचा आणखी एक गुण फसवा आहे. ते तापायला वेळ घेते, त्यामुळे पहिली काही मिनिटे आकडे छान दिसतात. पाच मिनिटांची चाचणी करून खूश होऊ नये. अर्धा तास गेम चालवावा आणि मग तापमान पाहावे.

आता खरा प्रश्न, तुमचा प्रोसेसर गेममध्ये उष्णता करतो किती? रायझेन ७ ७८००एक्स३डी हा गेमिंगसाठी नावाजलेला प्रोसेसर. त्याच्या कागदावर १२० वॉट लिहिलेले असले तरी गेम खेळताना तो बहुधा शंभराच्या बराच खाली राहतो. माझ्या स्वतःच्या संगणकात हाच आहे. मी त्यावर आधी ३६० मिलिमीटरचा रेडिएटर लावला होता, नंतर सहा हीट पाइपांचा दुहेरी मनोऱ्याचा एअर कूलर लावला. तीच खोली, तोच गेम, अर्धा-अर्धा तास. फरक आला तीन-चार अंशांचा, आणि फ्रेममध्ये, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येत, काहीच नाही. कारणही सरळ आहे. या प्रोसेसरची उष्णता नखाएवढ्या चिपमध्ये एकवटलेली असते, त्यात त्याची जादा कॅश मेमरी (प्रोसेसरची हाताशी ठेवलेली वेगवान मेमरी) चिपच्या डोक्यावर बसवलेली. उष्णता तिथून वरच्या धातूच्या झाकणापर्यंत येतानाच अडते. त्या झाकणावर कितीही मोठा रेडिएटर ठेवला तरी आतली वाट रुंद होत नाही.

इंटेलचा कोअर आय९-१४९००के मात्र पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत जातो, रायझेन ९ ७९५०एक्स २३० पर्यंत. अशा प्रोसेसरवर कोणी तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करत असेल, प्रोसेसरमधले सगळे कोअर, म्हणजे काम करणारे भाग, एकदम जुंपत असेल, तर मी स्वतः मोठा लिक्विड कूलर सुचवते. कॅबिनेट अरुंद असून उंच कूलर मावत नसेल तरीही. आणि एखाद्याला ते दिसायलाच आवडत असेल तर तेही कारण खोटे नाही, फक्त ते कारण आहे हे स्वतःशी मान्य करावे.

लेखात ग्राफिक्स कार्डाचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे, तो मला सर्वांत मोठा दोष वाटला. आरटीएक्स ४०९० हे कार्ड एकटे ४५० वॉट खाते. गेम चालू असताना कॅबिनेटमधली खरी भट्टी ते असते, प्रोसेसर नव्हे. समोर पूर्ण काच असलेल्या, हवा आत घेऊ न शकणाऱ्या कॅबिनेटमध्ये कोणताही कूलर लावा, तो कार्डाचीच गरम हवा पुन्हा ओढणार. समोर जाळी असलेले कॅबिनेट, पुढून आत घेणारे दोन पंखे, मागून बाहेर टाकणारा एक. महागड्या कूलरऐवजी आधी इथे खर्च करा, असे मी प्रत्येकाला सांगते. रेडिएटर पुढे बसवला तर कार्डाला कोमट हवा मिळते, वर बसवला तर रेडिएटरला कार्डाची गरम हवा मिळते. बहुतेक वेळा मी वर बसवते, कारण हवेचे बुडबुडे रेडिएटरच्या वरच्या भागात साठतात आणि पंप त्यांच्या खाली राहतो. पंप साखळीतला सर्वांत उंच भाग झाला की त्यात हवा शिरते, गुळगुळ आवाज येतो आणि तो लवकर जातो.

ज्यांच्याकडे आधीच लिक्विड कूलर आहे त्यांनी आज एक काम करावे. बायोसमध्ये पंपाच्या फेऱ्यांचा आकडा पाहावा. तो शून्य दिसत असेल तर पंपाची वायर योग्य पिनांवर आहे का ते तपासावे, आणि असेल तर संगणक वापरणे थांबवावे. बायोसमध्ये सोय असल्यास फेऱ्या घटल्या की इशारा मिळेल अशी नोंद करून ठेवावी. आपल्या लेखकांनी पुढच्या भागात निदान एवढे तरी छापावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. सोबत प्रत्येक कॅबिनेटच्या माहितीत लिहिलेली कूलरची कमाल उंची पाहायलाही सांगावे. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा उत्तम एअर कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे, तो त्या मुलाच्या १६० मिलिमीटरच्या कॅबिनेटमध्ये बसलाच नसता. मी त्याला १५५ मिलिमीटरचा लावून दिला. कूलरच्या तळाची संरक्षक प्लॅस्टिकची पट्टी त्याच्याकडूनच काढून घेतली, कारण ती तशीच ठेवून घट्ट बसवलेले कूलरही माझ्याकडे येतात.

त्याचा जुना पंप मी टेबलावर ठेवला आहे. कूलरचे विचारायला कोणी आले की त्याला वीज जोडून दाखवते. दिवा अजून लागतो.

आपली,
एक नियमित वाचक